विनिताच्या कॉम्प्युटरचा हार

मांजर्लीत आमच्या खालच्या मजल्यावर विनिता राहते. नवरा गेल्यापासून घरूनच नोकरी करते. हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि कॉम्प्युटरवर टिपायच्या. पहिला कॉम्प्युटर पुराच्या पाण्यात गेला, हा उल्हासनगरहून सेकंडहँड आणलेला. बाई कष्टाळू, पण जात्याच भित्री.

दसऱ्याला तिने त्याची पूजा केली, झेंडूचा हार घातला. पुढे तो काम चालू असतानाच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. साहेबाने सांगितलं, अजून एकदा फोन मध्येच तुटला तर नोकरी गेली समजा.

आज दुपारी तिचा फोन. "काकू, खाली या ना. जपमाळ घेऊन या."

गेले तर पडदे ओढलेले. ती दारातच कुजबुजली, "आधीच्या मालकाचं काहीतरी आहे यात. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलले की बंद पडतो."

"मग सगळ्या मुंबईचे बंद पडले असते," मी म्हटलं. पण माळ मीही घट्ट धरली.

रामरक्षा निम्मी झाली आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला. विनिताची नखं माझ्या दंडात रुतली. पडदा आपला आपण उजळला. तेवढ्यात वास आला, झेंडू करपल्याचा. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर तापलेला तवा!

"आधी वायर काढ."

हाराचं एक टोक बाजूच्या जाळीतून आत गेलं होतं. ओढलं, येईना. झाकण उघडलं तर आतल्या पंख्याला सूत गच्च गुंडाळलेलं, पाकळ्या काळ्या पडलेल्या.

"रोज नवा हार?"

"बंद पडला की घालायचे. वाटलं, देव रागावलाय."

"अगं, तुझ्या साहेबाच्या नाकात सूत कोंबलं तर तोही बंद पडेल!"

ती हसली नाही. शिवणाच्या कात्रीने सूत कापता कापता तिने विचारलं, "पाप नाही ना लागणार?"

"निर्माल्य आहे ते. तुळशीत घालू."

वायर लावली. पंखा घरघरला. तिची कामाची वेळ झाली. "नमस्कार, मी विनिता बोलतेय..." एक हात मात्र डब्यावरच, तापतोय का बघत. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत बसले. दिवेलागणीपर्यंत एकही फोन तुटला नाही.

"निघू?" मी विचारलं.

तिने हेडफोन काढला, दुसरा हात डब्यावर तसाच. "थोडं बसा ना, काकू."