शंभर डोळ्यांचा पहारेकरी आणि दातांचा डॉक्टर

समस्त कुवेतवासी मराठी बंधू-भगिनींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, अबू हलीफा येथील आमच्या दिवाणखान्यातले एक राज्य खालसा झाले आहे. राजा मी. रयत म्हणजे शुक्रवारी दुपारी जेवून सैलावलेली चार-पाच मराठी कुटुंबं. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढायचे आणि शुक्रवारी रोमन देवांची लफडी सांगायची, हा माझा जुना शिरस्ता. ज्युपिटर चोरून प्रेम करतो, त्याची बायको ज्युनो त्याला पकडते, आणि दोघांचेही आवाज मीच काढतो.

मग एक नवा दातांचा डॉक्टर आला. तरुण, देखणा, पुण्याचा. त्याला ग्रीक तत्त्वज्ञ पाठ. बरं, गृहस्थ काही सांगत नाही, नुसते प्रश्न विचारतो. सॉक्रेटिस म्हणे अथेन्सच्या बाजारात माणसांना गाठून असंच करायचा.

"वहिनी, धाडस म्हणजे नक्की काय हो?"

माझी गोष्ट चालू असताना मेथी निवडणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी मेथी चक्क बाजूला ठेवली. "न घाबरणं."

"मग ज्याला धोका कळतच नाही, तो धाडसी?"

"छे! तो तर मूर्ख. थांबा हं, परत सांगते." आणि तिनं परत सांगितलं, त्यानं ते परत खोडून काढलं, आणि ती डोळे मोठे करून म्हणाली, "मग पुढे?"

मग पुढे! लग्नानंतरची काही वर्षं हे दोन शब्द माझ्या मालकीचे होते. अलीकडे मला मिळायचं ते फक्त "झालं का?" माझ्या छातीत त्या दुपारी जे जळलं, ते कुठल्याही मशिनीवर दिसलं नसतं.

मी संधीची वाट पाहिली. हिवाळ्यात सगळ्यांची फैलाका बेटावर सहल ठरली. तिथे ग्रीकांच्या जुन्या वस्तीचे दगड आहेत. आरशासमोर मी रोज गोष्टीची तालीम केली. पण बेटावर पोचलो, तर डॉक्टर आधीच एका दगडावर पाय ठेवून उभा.

"वहिनी, मत्सर म्हणजे काय?"

"त्यांना कशाला विचारता?" आमचे रत्नागिरीचे दुकानदार भाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "दादांना विचारा. सकाळपासून त्यांचं तेच चाललंय."

"सॉक्रेटिसच्या मते," डॉक्टर म्हणाला, "मित्राचं बरं चाललेलं पाहून ज्याला दुखतं, तो मत्सरी."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त कोण हसलं, हे सांगायला माझी लेखणी धजत नाही.

परतताना बोटीत भाईंची बिर्याणी सगळ्यांच्या अंगावर आली होती. मी उठलो, शाल झग्यासारखी पांघरली आणि सुरू केलं. ज्युपिटरनं बायकोपासून लपवायला आपल्या प्रेयसीची गाय केली. ज्युनोला संशय आला. तिनं ती गाय मागून घेतली, झाडाला बांधली आणि पहाऱ्यावर शंभर डोळ्यांचा आर्गस बसवला. काही डोळे मिटले, तरी बाकीचे सताड उघडे! ज्युपिटरनं मग आपल्या दूताला, मर्क्युरीला धाडलं. त्यानं काय करावं? एक लांबलचक गोष्ट सांगायला घेतली. आर्गसचा एक डोळा मिटला. मग दुसरा. मग...

मग भाई घोरू लागले. डॉक्टरची मान मागे पडली, तोंड उघडलं, आणि दातांच्या डॉक्टरच्या दाढेत चांदी भरलेली मला स्वच्छ दिसली. फार बरं वाटलं. पण बायको? गॉगल लावून, खिडकीला डोकं टेकून निश्चल. माझ्याकडे शंभर डोळे असते, तर शंभरही त्या काळ्या काचांवर रोखले असते. गेली. हीसुद्धा गेली.

मी आवाज उतरवला. मर्क्युरीनं आर्गसचं मुंडकं उडवलं आणि ज्युनोनं ते शंभर डोळे वेचून आपल्या मोराच्या पिसाऱ्यावर लावले. संपलं. टाळी नाही, काही नाही. मी शाल काढून मुकाट्यानं तिच्या शेजारी बसलो.

आमच्या हिच्या माहेरी गोठा आहे, हे सांगायचं राहिलंच. गॉगल ओढून काढत, अख्खी बोट जागी होईल अशा आवाजात ती म्हणाली, "अहो, तो पिसारा राहू द्या बाजूला! त्या बांधलेल्या गाईला कुणी पाणी दाखवलं की नाही?"