नावापुढचा शेरा

इंदापुरात एसटी स्टँडासमोर करुणाचा टायपिंगचा गाळा होता. भिंतीकडेनं तीन टाइपरायटर, त्यांवर सकाळपासून पोरापोरींचा खडखडाट, आणि मागच्या बाजूला, फुलाफुलांच्या झाकणाखाली, कम्प्युटर. झाकण तिनं स्वतः शिवलं होतं. शहाण्णव साल संपत आलं होतं तेव्हा, आणि अख्ख्या इंदापुरात कम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळं लोक तिला कम्प्युटरवाली बाई म्हणत. तिला ते आवडायचं.

माहेर शेळगावचं. वडील बाजीराव वालचंदनगरला फिटर होते; आता निवृत्त होऊन दोन एकरांत रमले होते. आई तुळसा रानात राबली, पण लेकीचं शिकणं तिनं एक दिवस खंडू दिलं नाही. करुणा रोज एसटीनं बारामतीला जाऊन टायपिंग शिकली, पुढं तिथंच कम्प्युटरचा कोर्स केला. नवरा बुद्धघोष प्राथमिक शिक्षक. घर, शाळकरी मुलगी आणि गाळा, या तिन्हींत ती सुखात होती. लग्नपत्रिका, कोर्टाचे दावे, दूध सोसायटीचे अहवाल, आलेलं काम ती वेळेत आणि बिनचूक करून द्यायची. "करुणाताईकडं दिलं की पुन्हा वाचायला नको," असं वकीलसुद्धा म्हणायचे.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली आणि त्यांच्या गटात एकाच पक्षाच्या दोघांनी तिकिटासाठी दंड थोपटले. एक आप्पा. जुना, रांगडा माणूस, प्रत्येक गावातल्या बांधावर बसलेला. दुसरे रमाकांतराव. इंदापूरचे वकील, बोलायला गोड. दोघांत कुणी मागं हटेना. तेव्हा पक्षाचे तालुकाध्यक्ष सावळारामतात्या यांनी तोडगा काढला: गटातल्या पक्षाच्या अकराशे सभासदांनी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याला तिकीट.

सभासदांची यादी करुणाच्या कम्प्युटरवर चढली. मग दोन्ही बाजूंनी आपापली नक्कल मागितली आणि नक्कल मिळाल्यावर तिच्यावरच प्रत्येक नावापुढं शेरे लिहून ती टाइप करायला परत आणून दिली. हा आपला, हा त्यांचा, हा डळमळीत. कुणाला जीप पाठवली तर येईल, कुणाच्या पोराला नोकरी पाहिजे. एकमेकांचं एकमेकांना कळू नये म्हणून आप्पांची फ्लॉपी लाल चिकटपट्टीची, रमाकांतरावांची निळ्या पट्टीची. दोन्ही करुणाच्या कपाटात, किल्ली तिच्या मंगळसूत्राला. दोन्ही बाजूंचा तिच्यावर विश्वास होता आणि तो विश्वास तिलाही मोलाचा वाटायचा.

आप्पांचे शेरे टाइप करताना शेळगावच्या पानावर तिला आईचं नाव लागलं. 'तुळसा बाजीराव – लेक सांगेल तिकडे.' करुणाला हसू आलं. ते तिनं टाइप केलं आणि पुढच्या नावावर गेली.

फ्लॉपी फार हळू चालायची. म्हणून काम करताना ती फाईल कम्प्युटरवर उतरवून घ्यायची, आणि काम झालं की फ्लॉपीवर परत चढवून कम्प्युटरवरची पुसून टाकायची. त्या बुधवारी आप्पांची फाईल उघडी असताना लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. करुणा घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी गर्दीत पुसायचं राहून गेलं.

आणि नेमका त्याच दिवशी रमाकांतरावांचा पुतण्या स्वानंद आपल्या यादीतली नावं दुरुस्त करायला आला. काकांच्याच हाताखाली वकिली करणारा, तिशीतला, कम्प्युटर थोडाफार येणारा. तो बसलेला असतानाच शाळेतून निरोप आला, मुलीला ताप भरलाय. करुणा तशीच उठली. तासाभरानं मुलीला घरी निजवून परत आली तर स्वानंद गेलेला, आणि प्रिंटरखाली कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्यांचा ढीग. आपली यादी छापून नेली असेल, असं म्हणून तिनं केर काढला.

शनिवारी आप्पा स्वतः गाळ्यात आले. सोबत चार माणसं. टाइपरायटर एकदम गप्प झाले.

"पोरी, माझी यादी किती जणांना दिलीस?"

"आप्पा, कुणालाच नाही. कपाटात आहे."

"मग वकिलाची माणसं नेमकी माझ्या डळमळीत माणसांच्याच दारात कशी जात्यात? अन् वर त्यांना वाचून दावत्यात, की बघा, आप्पानं तुमच्या नावापुढं काय लिवलंय! शब्दाला शब्द जुळतोय."

करुणानं कम्प्युटर चालू केला, शोधलं, आणि ती फाईल तिथंच सापडली. बुधवारची. मग तिला त्या पट्ट्या आठवल्या. तिनं आप्पांना तिथल्या तिथं सगळं सांगितलं: लाईट, ताप, स्वानंद. "विकली नाही मी. पण पुसायची राहिली, ती चूक माझी."

आप्पा समोरच्या खुर्चीवर टेकले. "हेच तात्यांपुढं सांगशील?"

"सांगीन."

दुसऱ्या दिवशी रविवार. बैठक दुपारी तीनला होती. सकाळी करुणा शेळगावला गेली, आईच्या हातचं खाऊन जरा धीर येईल म्हणून. तुळसाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"वकिलाची माणसं आल्ती," ती म्हणाली. "कागद वाचून दावला. लेक सांगंल तिकडं. ते तू टाइप केलंस?"

करुणानं होकारार्थी मान हलवली.

"माजं नाव बघूनबी?"

"आई, ते माझं काम होतं. लोक आणतात ते मी टाइप करते."

"व्हय, काम हाय. मी कुठं न्हाय म्हनते?" तुळसाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "पर माज्याकडनं ऐक. बाबासाहेबांनी मत दिलं हातात. तवापास्नं मी कुनाला मत देते ते तुज्या बापालाबी कदी सांगितलं न्हाय. इचार त्येला."

बाजीराव ओट्यावर बसून चहा पीत होते. "खरं हाय," ते म्हणाले. "तीस वर्सं इचारतोय. दाद देत न्हाय."

करुणाला हसावं की रडावं कळेना. फाईल उघडी राहिली याचं तिला कालपासून वाईट वाटत होतं. आता कळलं की त्याआधीच, आईच्या नावापाशी हसून पुढं गेली तेव्हाच, तिचं काहीतरी चुकलं होतं.

"तीनची बैठक हाय न्हवं?" तुळसाबाई उठली. "थांब, मीबी येते. फुलाबाईला हाक मारते. तिच्या नावापुढं लुगड्याचं लिवलंय म्हनं."

पक्षाच्या कचेरीत तात्या मधल्या खुर्चीवर होते, एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला रमाकांतराव आणि स्वानंद. करुणानं उभं राहून जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःची चूक आधी. स्वानंदचा चेहरा उतरला, पण वकीलच तो.

"आमची यादी त्यांच्याकडे फुटली आहे का, एवढंच मी पाहत होतो."

"बावीस पानं छापून?" करुणानं विचारलं.

तात्यांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. "रमाकांतराव, तुमच्या बाजूला इथून पुढं यादी मिळणार न्हाय."

"तात्या, पाच दिवस राहिलेत! चिठ्ठीची तारीख सांगायलासुद्धा आम्हांला नावं लागणार. मग मी पुण्याला जाऊन दाद मागतो."

"जा की खुशाल!" आप्पा गरजले, आणि दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली.

तेवढ्यात दारातून तुळसाबाई आत आली. मागं फुलाबाई आणि आणखी सात-आठ बायका. फुलाबाई सत्तरीची, काठी टेकत थेट आप्पांसमोर गेली.

"आप्पा, लुगडं दिलं की येती, असं लिवलंस माज्याबद्दल? तुजी आय अन् मी एका पाटावर धुनं धुतलंय."

आप्पांची मान खाली गेली. "मी न्हाय लिवलं, मावशे. गावातल्या पोरांनी लिवलं."

"तू वाचलंस न्हवं?"

रमाकांतराव हळूच हसले. फुलाबाईनं ते बघितलं आणि ती करुणाकडं वळली.

"अन् ह्या वकिलानं काय लिवलंय गं आमच्याबद्दल?"

सगळी कचेरी करुणाकडं बघायला लागली. रमाकांतरावांचं हसू जागच्या जागी विरलं.

"मावशी, ते मी सांगणार नाही," करुणा म्हणाली. "त्यांनी विश्वासानं दिलंय. पण टाइप मीच केलंय. आणि ते ऐकून तुम्हांला काही बरं वाटणार नाही."

तात्या आधी खोकले, मग खुर्चीत मागं रेलून पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"तात्या, माझं एक ऐकाल?" करुणानं विचारलं. "नावं दोघांनाही द्या. नाव आणि गाव, बस्स. शेरे दोन्ही फायलींतले पुसू. छापलेली पानंही स्वानंदकडून परत मागवा. ज्याला मत पाहिजे, त्यानं घरी जाऊन माणसाला विचारावं."

आप्पा आणि रमाकांतरावांनी एकमेकांकडं पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं असावं.

तिथून सगळी वरात गाळ्यावर आली. स्वानंदनं बावीस पानं आणून दिली, ती शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत गेली. करुणानं पडद्यावर आधी आप्पांची फाईल लावली, मग रमाकांतरावांची, आणि शेऱ्यांचे रकाने एकेक करून रिकामे केले. आप्पांच्या फायलीत शेळगावचं पान आलं तेव्हा तिनं फुलाबाईला खुर्चीवर बसवलं आणि तिचं बोट धरून योग्य बटणावर ठेवलं.

"हितं दाबा."

फुलाबाईनं दाबलं. अक्षरं गेली. "अगं बया," ती म्हणाली, "पुसायला एवढंच?" आणि मग एकेक करून सगळ्या बायकांनी आपापला शेरा आपल्या हातानं पुसला. तुळसाबाई सगळ्यांत शेवटी बसली. तिला वाचता येत होतं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. तिनं ओळ एकदा नीट वाचली, लेकीकडं बघितलं, आणि बटण दाबून ठेवलं, पार शेवटचं अक्षर जाईपर्यंत.

"आता बरं दिसतंय," ती म्हणाली. "निस्तं नाव."

शुक्रवारी चिठ्ठ्या पडल्या. आप्पा नऊ मतांनी पुढं निघाले. दोन्ही बाजूंची माणसं त्या पाच दिवसांत घराघरांत एवढा चहा प्याली, की रमाकांतरावांना पित्ताचा त्रास झाला असं लोक सांगत. त्यांनी हार मात्र मोकळेपणानं स्वीकारली आणि पुढं ते आप्पांच्या प्रचारातही उतरले. तुळसाबाईनं चिठ्ठी कुणाला टाकली ते शेळगावात कुणालाच कळलं नाही. आप्पांनी विचारून पाहिलं, बाजीरावांनी तर दोनदा.

करुणाला वाटलं होतं, आता काम कमी होईल. उलट वाढलं. जी बाई स्वतःची चूक आधी सांगते तिच्याकडं कागद द्यायला हरकत नाही, असं लोकांनी ठरवून टाकलं. तिनं मात्र दोन गोष्टी बदलल्या. गाळा बंद करताना ती कम्प्युटरवर काय काय राहिलंय ते वाचून बघू लागली, आणि माणसांबद्दल कुणी काही लिहून आणलं की टाइप करण्याआधी विचारू लागली, "हे त्यांच्यासमोर वाचून दाखवाल का?" बरेच जण कागद मागं घेत.

उन्हाळ्यात स्वानंद लग्नपत्रिका घेऊन आला. कम्प्युटरजवळ कुणी बसायचं नाही हा नियम त्याच्यामुळंच झालाय हे त्याला ठाऊक होतं. तो मुकाट्यानं बाहेरच्या बाकावर बसला. करुणानं छापलेला कच्चा कागद त्याच्या हातात दिला आणि चहा मागवला.

"सासऱ्यांचं नाव चुकलंय, ताई," तो आतल्या दिशेनं ओरडला.

"तुम्हीच तसं लिहून दिलंय," करुणा म्हणाली, आणि दुरुस्ती करायला बसली.