हेमाताईंची माकडं

हेमा कानिटकर एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि सुट्टी लागली की कात्रजच्या घाटात माकडं बघत बसत. बुधवार पेठेतले शेजारी त्यांना हसत. शेजाऱ्यांपेक्षा माकडांची संगत बरी, असं हेमाताईंचं मत होतं, आणि ते त्या शेजाऱ्यांना तोंडावर ऐकवत.

वर्षानुवर्षं बघून एका टोळीचं सगळं नातंगोतं त्यांना पाठ झालं होतं. मुली जन्मभर आईच्याच टोळीत राहतात. वयात आलेले नर घर सोडतात. उन्हाळ्यात थोरल्या माद्या चालू लागल्या की लेकी-नाती मागोमाग निघत, कारण पाणी कुठल्या ओढ्यात उरलंय ते थोरल्यांना ठाऊक. रविवारी मोटार थांबवून केळी अन् वडापाव फेकणाऱ्या पुण्यवंतांची मात्र हेमाताईंना किळस येई. त्यांच्या पुण्यापायी पिल्लं चाकाखाली जात.

१९९०च्या सुमारास घाटाच्या पायथ्याशी आप्पासाहेब नावाच्या जमीनमालकांनी वडिलोपार्जित शेतात बंगले उठवले. गच्च्यांवर माकडं उतरू लागली, तेव्हा ती पकडून लांब सोडायचं त्यांनी ठरवलं. हेमाताई स्वतःहून त्यांच्याकडे गेल्या. बंगल्यांमागचा उघडा कचरा झाका, टोळी आपण होऊन डोंगरावर जाईल. पण थोरल्या माद्या उचलल्यात तर टोळी फुटेल आणि एका टोळीच्या जागी तीन दारात येतील, असं त्यांनी परोपरीनं समजावलं.

"बाई, माकडाला कसली आलीय आई न् आत्या?" आप्पासाहेब म्हणाले आणि चहा मागवला.

पिंजऱ्यात नेमक्या थोरल्या माद्याच सापडल्या. उरलेली टोळी फुटली. पांगलेली माकडं मिळेल त्या खिडकीतून स्वयंपाकघरात शिरू लागली. बंगले घेतलेली गिऱ्हाइकं बोंबलली, तशी आप्पासाहेबांची गाडी बुधवार पेठेत आली.

"घरात शिरत्यात, बाई. काय तरी करा."

हेमाताईंनी त्यांना बसाही म्हटलं नाही. "कचरा झाका, हे सांगून झालंय. त्यापुढचं काही सांगावं, असं तुम्ही काही केलेलं नाही."

अखेर कचरा झाकला गेला. माकडं हळूहळू वर सरकली. नेलेल्या माद्यांना कुठे सोडलं, ते पकडणाऱ्यांनाही नीट सांगता येईना. हेमाताई पानशेतपर्यंत शोधत फिरल्या आणि रिकाम्या हातानं परतल्या. पुढच्या उन्हाळ्यात टोळीला ओढा सापडला नाही. बरीच पिल्लं दगावली.

त्याच वर्षी माकडं डोंगरावर परत धाडल्याबद्दल एका मंडळानं आप्पासाहेबांना 'वानरमित्र' म्हणून शाल घातली. हेमाताईंना चार शब्द बोलायला बोलावलं होतं.

"ही माकडं आहेत, वानर नव्हेत," त्या म्हणाल्या. "वानर काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. मित्र या शब्दाबद्दल मी काही बोलत नाही."

लोक हसले, आप्पासाहेब तर पोट धरून हसले. हेमाताईंनी हातातला पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि कात्रजची बस धरली. घाटात पकडून नेलेल्या एका थोरलीची लेक पोटाशी पिल्लू घेऊन कठड्यावर बसली होती. समोर मोटार थांबून काच खाली झाली, तशा हेमाताई दगडावरून उठल्या आणि केळं धरलेल्या हाताकडे चालू लागल्या.