कानात सांगायचं नाव

माझ्या नणंदेला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. ती पालघरला राहते, मी बोईसरला. पण सणावारीसुद्धा मी तिच्या घरचं पाणी पीत नाही. तिनं माझ्या मुलीच्या नावाला शेपूट लावलं.

माझी आई गेली तेव्हा मला दिवस गेले होते. आई दातिवऱ्याची, सुकी मासळी घेऊन सफाळ्याच्या बाजारात बसायची. तिचं नाव दोन अक्षरांचं. बाजाराच्या कलकलाटातही हाक मारली की ती लगेच वळून बघायची. बाबांच्या होडीवर पुढच्या अंगाला तेच नाव रंगवलेलं आहे. मुलगी झाली तर हेच ठेवायचं, असं मी नवऱ्याला आधीच बजावलं होतं.

नणंदेनं नाक मुरडलं. "ती हाक झाली गं, नाव नव्हे. त्याचं पूर्ण नाव बघ किती भारदस्त आहे! उद्या पोरगी मोठी साहेबीण झाली तर दारावर काय ही दोन अक्षरं लावणार?" मासळीवालीचं नाव नको, असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. मी कडाकडा भांडले. शेवटी "बरं बाई, तुझंच खरं," म्हणून ती गप्प बसली आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकली, कानात कुर्र केलं आणि ते लांबलचक नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून मोकळी झाली. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. एकदा कानात पडलेलं नाव बदलायचं नसतं, असं म्हणत सासूबाई पेढे वाटत सुटल्या. नवरा पंख्याकडे बघत बसला. बाबा कोपऱ्यात नातीसाठी आणलेले चांदीचे वाळे घेऊन बसले होते. "हे नाव माज्या होडीवर मावायचं नाय," एवढंच ते म्हणाले आणि न जेवता निघून गेले.

घरात मी मुलीला आईच्याच नावानं हाक मारते. ती ओ देत नाही. ते जुनाट आहे, असं आत्यानं तिला पढवलंय.

म्हणून यंदा दातिवऱ्याला भावाला मुलगी झाली, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. भावजयीनं फोनवर शोधून एक लांब नाव काढलं होतं. काढू दे. इथे आत्या मी होते, आणि एकदा कानात पडलं की पडलं. कुणाला काही बोलले नाही. बारशाच्या दिवशी मी आईचं नाव ओठांवर घेऊनच पाळण्यावर वाकले.

बाळाच्या कानावर भावजयीचा हात होता. मला वाटलं, टोपडं सारखं करतेय. पण हात हलेना.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आदी माज्या कानात सांगा. मंग तिच्या."

नणंदेचं सगळं पुराण मीच तिला शंभरदा ऐकवलं होतं. बायका धपाटे घालायला हात उगारून उभ्या होत्या. बाबा दारात उभे राहून माझ्याकडेच बघत होते. मला भावजयीचा असा संताप आला, की तो हात ओरबाडून बाजूला करावासा वाटला. माझ्या मुलीच्या वेळी मला असा हात ठेवायचं का नाही सुचलं?

मी भावजयीच्या कानाशी तोंड नेलं आणि तिनं निवडलेलं नाव सांगितलं. मग तिनं हात काढला. मी तेच नाव बाळाच्या कानात सांगितलं आणि पाठीत धपाटे बसले. मी बाबांकडे बघितलं नाही.