झटकलेल्या खडूचा पुरावा

दारव्ह्याच्या एका टेलरच्या मुलीवर अन्याय झाला. तिसऱ्या सेमिस्टरच्या सहाव्या आठवड्यात, बुधवारी, दुपारच्या लेक्चरला, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी. करणारी मी. आमच्या विद्यार्थी संघटनेच्या पत्रकात आम्ही जबाबदार कोण ते पहिल्याच ओळीत टाकतो, म्हणून इथेही टाकते.

यवतमाळच्या आमच्या डिझाइन कॉलेजात दर बुधवारी एकच क्रम. आधी लेक्चर, मग आठवड्याचं काम सॉफ्टबोर्डवर टाचायचं. सोबत रफ स्केचेस: पहिलं पार चुकलेलं, दुसरं जरा कमी चुकलेलं, असं करत पक्क्यापर्यंत. सर रफला निम्मे मार्क द्यायचे.

ती रफ कधीच आणायची नाही. एकदम पक्कं काम आणायची. त्या बुधवारी तिने तुरीच्या शेंगांचं पॅटर्न आणलं. चारी बाजूंनी जुळणारं, सांधा कुठे शोधून सापडेना. माझं त्याच आठवड्याचं कापसाचं बोंड फुगलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. हेही लिहिलंच पाहिजे.

त्या दिवसांत मी वर्गात संघटनेचं कॉपीविरोधी पत्रक वाटत होते. नेटवरून डिझाइन उचलणारे प्रामाणिक पोरांचे मार्क खातात, असं त्यात होतं. ते खोटं नव्हतं. मी उठले.

"सर, हिला विचारा ना, रफ कुठे आहे?"

"टेबलावर काढते सर," ती म्हणाली. "मग पुसून टाकते."

"वा! म्हणजे पुरावाच पुसते!"

वर्ग हसला. मागून कुणीतरी "डस्टर!" ओरडलं आणि ते नाव तिला चिकटलं. सरांनी तिच्या रफच्या रकान्यात शून्य टाकलं. सुट्टीत दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. चहा मस्त लागला.

सातव्या आठवड्यापासून ती रफ आणायला लागली. चार-चार पानं. सर म्हणाले, "आता कशी लाइनीवर आली!" मला वाटलं, बघा, आपल्या पत्रकाने माणूस सुधारतो.

नवव्या आठवड्यात दारव्ह्यात संघटनेचा मोर्चा होता, त्याच्या कापडी बॅनरला काठ शिवून घ्यायला मी तिथे गेले. बसस्टँडजवळ टेलरचं जे पहिलं दुकान दिसलं, त्यात शिरले. आत कटिंगच्या टेबलाशी ती उभी. काळ्या कापडाच्या तुकड्यावर टेलरच्या चपट्या खडूने ज्वारीचं कणीस काढत होती. काढलं, पाहिलं, कापड उचलून फटकन झटकलं. परत काढलं. परत झटकलं. पाचव्यांदा मनासारखं झालं, तेव्हा कुठे तिने कागद ओढला.

तिचे अब्बा मशीनवरून म्हणाले, "या ना बेटा, बसा. काय पाहून राह्यल्या?"

"ती खडू झटकते..."

"झटकाच लागते. कापडावर रेघ राह्यली तं गिऱ्हाईक घेईन काय? लहानपणापासून तिच्या हाताले तेच वळण हाय."

तेवढ्यात तिने मला पाहिलं. "आली का तू? पुरावा पाह्यजे का? घे, खाली पडला हाय."

फरशीवर पांढरी भुकटी होती.

"मग आता रफ कुठून आणतेस?" मी विचारलं.

"पक्कं काम झालं का मागून काढतो. मुद्दाम चुकीचं. सरले चुका पाह्यजे ना, मंग देतो चुका."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. खरं काम करणाऱ्या पोरीला मी खोटं करायला लावलं होतं, आणि तेही खोट्याच्या विरोधात बोलून.

"चुकलं माझं. सॉरी," मी म्हणाले.

"इथं कायले सांगून राह्यली? वर्गात बोलली होती ना? मंग वर्गातच बोल."

दहाव्या बुधवारी सर रजेवर होते. मला बरं वाटलं. अकराव्याला बाभुळगावहून येणारी माझी बस चुकली, असं मी सांगितलं. बस वेळेवर होती, मीच चढले नाही. बाराव्याला उठले. तिने मान वर केली. मी सबमिशनची तारीख विचारली आणि बसले. चौकात माईक हातात घेऊन माझा आवाज कधी अडकला नाही. पण तिथे चुकलेले दुसरे असतात.

शेवटी तेराव्या आठवड्यात, शेवटच्या लेक्चरला, सांगितलं. वर्गात अकरा जण होते. ती नव्हती. सर म्हणाले, "अगं, मार्क तर वर पाठवूनही झाले." ते शून्य काढावं म्हणून मी अर्ज दिला, त्याला अजून उत्तर नाही. शून्य तसंच आहे. नंतर आलेली पोरं, ज्यांना कारणही ठाऊक नाही, तीही तिला डस्टर म्हणतात. आणि नव्या सेमिस्टरलाही ती दर बुधवारी ठरवून चुकवलेली चार पानं टाचते.

तुम्हीही कुणावर चारचौघांत बोट दाखवलं असेल आणि मागून कळलं असेल की आपण चुकलो, तर त्याला बाजूला घेऊन माफी मागू नका. फोनवर मेसेज टाकू नका. ज्या खोलीत बोललात त्याच खोलीत, जे हसले त्यांच्यासमोर, तो माणूस हजर असताना उभे राहा आणि आपले शब्द परत घ्या. याच आठवड्यात घ्या.