फुपाट्यातले पांढरे मासे

धरणाचं पाणी आमच्या गावाशी येतं ते पाय न वाजवता. सकाळी उठून पाहावं, तर काल ज्या बाभळीला शेळी बांधली होती तिच्या बुंध्याशी पाणी लुकलुकत असतं. उन्हाळ्यात ते तसंच गुपचूप मागं जातं, आणि जाताना चिखलाचा रुंद पट्टा, शिंपल्या, गोगलगायी आणि कुणाची तरी एखादी चप्पल सोडून जातं. मी नांदेडला नोकरीला असते, पण शनिवार आला की माझे पाय त्या पाण्याकडे वळतात. तिथं बसलं की आपण काय विचार करत होतो तेच आठवत नाही. मला ते फार आवडतं.

आमचं जुनं शेत त्याच पाण्याखाली आहे. बाबा तहसील कचेरीतून रिटायर झाले आणि गळ घेऊन जे काठावर जाऊन बसले, ते बसलेच. "आपलं रान बुडालं न्हाई," ते म्हणायचे, "निस्तं पीक बदललं." जिथं ज्वारी उभी असायची तिथं आता मासे फिरत होते, आणि बाबांच्या मते ते आमच्याच मालकीचे होते. पाण्याकडे बोट करून ते मला बांध दाखवायचे, विहीर दाखवायचे, आंब्याचं झाड दाखवायचे. मला नुसतं पाणी दिसायचं. पण मी हो हो म्हणत बसायचे, आणि थोड्या वेळानं त्या पाण्यात मलाही काहीतरी हिरवं हललंय असं वाटायला लागायचं.

काठावरचे भोई जाळी ओढून झाली की काटक्या पेटवून चार मासे त्यावर टाकत. त्याला भाजणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते माशाला विस्तव दाखवत असत. कातडी काळी, आतलं मांस ओलं. बाबा त्यांच्यात मांडी घालून बसत आणि खात. "ह्याच्यात पाण्याची चव ऱ्हाती," म्हणायचे. मी तोंड फिरवून दुसरीकडे बघायचे, आणि ते मला शहरातली शाणी म्हणून चिडवायचे.

मग एका हिवाळ्याच्या शेवटी बाबा पिवळे व्हायला लागले. सुरुवातीला कुणालाच ते कळलं नाही. त्या दिवसांत करडईला फुलं आलेली होती, रानच्या रान पिवळं होतं, आणि संध्याकाळचं ऊन ओसरीवर यायचं ते त्याच रंगाचं. त्या उजेडात बसलेल्या माणसाचे डोळे पिवळे दिसले तर त्यात नवल काय, असं मला वाटलं. बाबा मात्र दिवसभर अंग खाजवत बसायचे आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा. एकदा मायनं त्यांचा हात उजेडात धरला, नखं पाहिली आणि म्हणाली, "कावीळ हाय."

कावीळ म्हटली की आमच्याकडे दवाखान्याच्या आधी पथ्य सुरू होतं. देवणीकडच्या एका माणसानं मंतरलेली काड्यांची माळ बाबांच्या गळ्यात आली. ती जशी लांब होत खाली उतरेल तशी कावीळ उतरते म्हणतात. तेल बंद झालं, तिखट बंद झालं, आणि हळदीचा डबा तर मायनं शेजारच्या घरी नेऊन ठेवला, कारण पिवळ्यानं पिवळं वाढतं. मी हुज्जत घातली. तालुक्याच्या डॉक्टरनंही रक्त तपासून कावीळच सांगितली आणि आराम करायला लावलं, तेव्हा माय माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मी गप्प बसले.

बाबांना अन्न जात नव्हतं, म्हणून मी रजा काढून घरीच थांबले होते. भाताकडे बघूनच ते मान फिरवायचे. मायला आता जगात एकच काम उरलं होतं: ह्या माणसाच्या पोटात काहीतरी घालायचं आणि त्याला जगवायचं. आणि बाबा जे खातील असं एकच होतं. मासा पाण्यातला, म्हणून थंड, कावीळ उष्णतेची, तेव्हा मासा चालतो, असं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरलंच.

ती भोयाकडून बोटाएवढे रुपेरी मासे आणायची. साफ करून पळसाच्या पानात बांधायची आणि चुलीतला विस्तव बाजूला सारून खालच्या फुपाट्यात, त्या गरम राखेत, ती पुडी पुरायची. तेल नाही, हळद नाही, मीठ नावाला. थोड्याच वेळात पुडी बाहेर काढायची, कारण जास्त राहिलं तर मासा निब्बर होतो आणि आजारी माणसाला मऊ लागतं. पान उघडलं की वाफ यायची आणि आत पांढरे शुभ्र, थरथरते मासे. काट्यालगत किंचित लाली असायची. काटे काढून ती एकेक घास त्यांच्या तोंडात द्यायची, आणि बाबा डोळे मिटून खायचे.

मी तो घास बघत दारात उभी राहायचे. घरात राखेचा आणि पळसाच्या पानाचा वास भरलेला असायचा. खाऊन झाल्यावर बाबा अर्धवट झोपेत बोलायचे. "आपल्या विहिरीत उतरलो व्हतो," एकदा म्हणाले, "पाणी लई गोड हाय. तू बी ये." मला त्या बोलण्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट खरंच पाण्याखाली एक गाव आहे, तिथं बाबा जाऊन येतात आणि येताना त्यांच्या अंगाला करडईचा रंग लागतो, असं काहीतरी माझ्या मनात फिरत राहायचं.

पण पिवळेपणा उतरेना. माळ बेंबीपर्यंत आली तरी बाबांच्या तळहातांची पिवळाई वाढतच होती, आणि एके सकाळी ते हुडहुडी भरून थरथरायला लागले. माय म्हणाली, "माळ उतरून राहिली की, जरा दम धर." त्यावर मी जो आवाज चढवला तो शेजारपाजारच्यांनी ऐकला. मी जीप बोलावली, बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, आणि माय मुकाट्यानं पाणी भरलेली बाटली घेऊन त्यांच्या उशाशी बसली.

नांदेडच्या दवाखान्यात तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताची नळी मोकळी केली. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या, पण बोलायला शांत. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि काय निघालं ते सांगितलं. नळीत चपटे किडे होते, कडुलिंबाच्या कोवळ्या पानासारखे. त्यांनीच वाट अडवली होती. "आपल्याकडे हे सहसा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हे किडे माशातून येतात. मावशी, तुमच्याकडे मासे कसे खातात?"

मायचा चेहरा खुलला. इतके दिवस तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि सगळं बैजवार सांगितलं. पळसाचं पान, फुपाटा, तेलाचा थेंब नाही, हळद नाही. "निब्बर होऊ देत न्हाई," ती म्हणाली. "लोण्यासारखा ऱ्हातो. त्येच्यावरच तर जगलेत हे."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी खरं ते सांगितलं, आणि मऊ आवाजात सांगितलं. माणसाच्या किंवा मांजराच्या विष्ठेतून ह्या किड्याची अंडी पाण्यात जातात, तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून माशाच्या मांसात. मासा कच्चा राहिला की तो किडा जिवंतपणीच माणसाच्या पोटात येतो आणि पित्ताच्या नळीत घर करतो. सुरुवात काठावरच्या माशांनीच झाली असणार, त्या म्हणाल्या, पण घरी दिलेल्या माशांनी भर पडली असेल. हळदीनं काही बिघडलं नसतं. मासा आतपर्यंत शिजायला हवा होता. आता गोळ्या दिल्या की किडे मरतील, बाबा बरे होतील.

मी मायकडे बघू शकले नाही. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. मला त्या वेळी डॉक्टरीणबाईंचा राग आला, बाबांचा आला, त्या चकाकत्या पाण्याचा आला. मायचा मात्र आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही मासा मऊच राखला असता.

बाबा बरे झाले. उन्हं तापायला लागली आणि त्यांचे डोळे पुन्हा पांढरे झाले, भूक लागायला लागली, मला शाणी म्हणणं सुरू झालं. पण घरात मासा आला नाही. माय भाकरी करपेपर्यंत तव्यावर ठेवायची, डाळ इतकी शिजवायची की ती डाळ आहे हे सांगावं लागायचं. बाबा ते सगळं बिनतक्रार खायचे. गल्लीतून भोई मासे ओरडत गेला की ते पेपर वर धरायचे आणि माय उठून आत जायची.

पाऊस होऊन गेला, पाणी पुन्हा बाभळीशी आलं, आणि एका शनिवारी बाबांना राहवलं नाही. "लई दिस झाले," एवढंच ते म्हणाले. दुपारी मायनं स्वतः जाऊन मासा आणला. तेल घातलं, हळद घातली, तिखट घातलं, आणि रस्सा रटरटत राहिला तो राहिलाच. मी दोनदा सांगितलं की झालं. तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही.

अखेर ताटं वाढली. बाबांनी हात पुढं केला तसं माय म्हणाली, "थांबा." तिनं आपलं ताट ओढलं, सगळ्यात जाड तुकडा घेतला, त्याच्या मधलं, काट्यालगतचं मांस काढलं आणि खाल्लं. मग हात आवरून बसली.

माझी माय जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. आमच्याबरोबर बस म्हणून मी कितीदा भांडले, ती हसून उडवून लावायची. आज ती पहिली जेवत होती.

"माय, असं लगेच कळत नसतं," मी म्हटलं. "आणि हा तर पार शिजलाय. काही होणार नाही."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तरी बी. व्हायचं त्ये आधी मला होऊ दे."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. बाहेरच्या पाण्याचा उजेड भिंतीवर हलत होता. मग त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं, सरकून तिच्याजवळ आले आणि तिच्याच ताटात हात घातला.

"तुला काई झाल्यावर मी काय निस्ता मासा खात बसू व्हय?" ते म्हणाले, आणि तिनं उष्टा केलेला तुकडा उचलून तोंडात टाकला.