झाकलेलं तात्पर्य

आदरणीय सुमनबाई गांगुर्डे पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची माझी पहिली भेट अंबडच्या कामगार वसाहतीतल्या बालवाडीत झाली. मी नवी शिक्षिका. बाई सतरंजीवर बसून लोककथांच्या चित्रपुस्तकांतल्या शेवटच्या ओळीवर कागद चिकटवत होत्या. ती ओळ म्हणजे तात्पर्य. “हे पोरांनी शोधायचं. आपण सांगितलं की संपलं,” त्या म्हणाल्या. मी डीएड झालेली. मनातल्या मनात हसले.

आठवडाभरातच मी शहाणपणा पाजळला. कोल्हा सशाची भाकरी पळवतो, ती गोष्ट वाचली आणि कागद सोलून ‘चोरी करू नये’ असं ठणकावलं. वर, आदल्या दिवशी दुसऱ्याचा डबा खाल्लेल्या साडेचार वर्षांच्या सोनीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून सोनी येईना.

तेच पुस्तक घेऊन बाईंनी मला सोनीच्या घरी नेलं. आई कारखान्यात गेलेली, सोनी आजीजवळ उंबऱ्यात बसलेली. बाईंनी कोल्ह्याचं चित्र पुढे धरलं. “काय झालं गं याला?”

“भूक लागली व्हती त्याला,” सोनी म्हणाली. “सशानं हाक मारायची ना मंग.”

दुसऱ्या दिवसापासून बाई घरून चार भाकऱ्या जास्त आणू लागल्या, आणि सोनी परत आली.

गौरवाचे शब्द लिहायला बसले आहे, पण येतो तो राग, तोही स्वतःचाच. आता वसाहतीतली मुलं टाय लावून शाळेच्या गाडीत बसतात. बाईंच्या वर्गात अकरा जण उरले आहेत. गुडघ्यांमुळे बाईंना खाली बसवत नाही. येत्या जूनपासून वर्ग कोण घेईल, असं त्यांनी आम्हा जुन्या शिक्षिकांना एकत्र बोलावून विचारलं. कुणाला नोकरी, कुणाला नातवंडं. मी खासगी शाळेत मूल्यशिक्षण शिकवते. तात्पर्य फळ्यावर लिहून देते, मुलं उतरवून घेतात. मीही “बघते” म्हणाले. “बघा हं, सवडीनं,” बाई म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. या गौरवग्रंथाच्या समितीत यायला मात्र आम्ही सगळ्या एका पायावर तयार झालो.

बाई, आपणांस उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत. विश्रांतीही लाभो, असं लिहायला घेतलं होतं. पण ती आम्ही द्यायची होती, आणि आम्ही दिली नाही.